वाडा केव्हाचा?

गेल्या उन्हाळ्यात पुण्याच्या नारायण पेठेतल्या आमच्या बोळातला एक वाडा उतरवला. पाडला असं कुणी म्हणालं नाही. आतलं सागवान विकायचं असलं की वाडा उतरवतात. आधी कौलं, मग वासे, मग तुळया, मग खांब, शेवटी दारांच्या चौकटी. उरलेल्या मातीच्या भिंतींना मग जेसीबी लागतो. तीन आठवड्यांत जागा मोकळी झाली. राडारोड्याचे डंपर गेले आणि शेजारच्या इमारतीशी सामाईक असलेल्या भिंतीवर तो सगळा वाडा उमटलेला दिसला, चिरून ठेवलेल्या फणसासारखा आतून उघडा.

खालच्या मजल्यावर गेरूचा पट्टा होता आणि त्याच्या वर धुरानं काळवंडलेला चौकोन, म्हणजे तिथे चूल होती. बाजूला देवघराचा कोनाडा, त्यातून वर गेलेली समईच्या काजळीची जीभ. पहिल्या मजल्यावर तीन बिऱ्हाडांचे तीन रंग शेजारीशेजारी: निळीचा, पोपटी आणि फिका गुलाबी. दोन रंगांच्या मध्ये जिथे आडभिंत टेकलेली होती तिथे चार बोटं रुंदीची कोरी रेघ. जिना गेला होता, पण त्याची तिरकी सावली पायऱ्यांच्या दात्यांसकट भिंतीवर होती. तुळयांची टोकं जिथे भिंतीत शिरत होती तिथे चौकोनी भोकांची रांग, आणि त्यातल्या दोन भोकांत गॅसनं कापलेल्या लोखंडी गर्डरचे बुंधे. वरच्या कोपऱ्यात पांढऱ्या चकचकीत टाइल्सचा हातभर तुकडा. मोरीचं न्हाणीघर केव्हातरी झालं, त्याची ती खूण.

मी संध्याकाळी तिथे जाऊन उभा राहू लागलो. आणखी चार-पाच जण यायचे. येणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारायचा, ‘‘केव्हाचा होता हो हा वाडा?’’ एक गृहस्थ ठामपणे सांगायचे, पेशवाईतला. दुसरे म्हणायचे, छे, इंग्रजी अमदानीतला, गर्डर बघा की. तिसरे लहानपणापासून त्याच बोळात राहिलेले. त्यांचं म्हणणं, निम्मा वाडा पानशेतच्या पुरानंतर नव्यानं बांधला, मी स्वतः विटा वाहिल्यात. तिघंही आपापल्या जागी बरोबर होते आणि तिघांचाही पुरावा समोरच्या भिंतीवर होता.

तेव्हापासून हा प्रश्नच मला खटकू लागला आहे. इमारत केव्हाची, असं विचारलं की आपल्याला एक साल हवं असतं आणि त्या सालाला चिकटलेला एक धनी हवा असतो. ते मिळालं की आपण निश्चिंत होतो. त्या सालाच्या आधीचं ते इतिहासाच्या बाहेर आणि नंतरचं ते सगळं ‘वाढीव बांधकाम’. मला असं वाटतं की जुन्या शहरांचं सर्वांत मोठं नुकसान या निश्चिंतपणानं केलं आहे. बिल्डरचा हातोडा पुष्कळ नंतर येतो. त्याआधी आपण मनातल्या मनात इमारतीचे बरेचसे थर खरवडून टाकलेले असतात.

आपल्या भाषेत गावाच्या वस्तीच्या जमिनीला ‘पांढरी’ म्हणतात आणि शेतीच्या जमिनीला ‘काळी’. पांढरीची माती पांढुरकी का, तर तिथे शतकानुशतकं माणसं राहिली. घरं पडली, चुलींची राख पसरली, सारवलेल्या जमिनी झिजल्या, चुना विरघळला. पुरातत्त्वाचे अभ्यासक दख्खनमध्ये जुन्या वस्तीच्या जागा हुडकताना पांढरीचं टेकाड शोधतात ते याचसाठी. आणि याच मातीच्या भिंती चांगल्या होतात म्हणून लोक पांढरी खणून नवी घरं बांधत आले. म्हणजे मातीच्या प्रत्येक भिंतीत आधीच्या कुठल्यातरी घराची भिंत असते. ‘मूळ बांधकाम’ हा शब्द वापरताना मला ही माती आठवते. पुण्याचंच पाहा. आठव्या शतकातल्या राष्ट्रकूट ताम्रपटांत पुण्याच्या नावाचा विषय, म्हणजे प्रांत, आहे. १६३० च्या सुमारास मुरार जगदेवानं हे गाव जाळून बेचिराख केलं, आणि काही वर्षांतच कसब्यात पुन्हा घरं उभी राहिली. ती कशावर राहिली? आधीच्या घरांच्या राखेवर आणि मातीवर.

हे सगळं एका ठिकाणी पाहायचं तर विश्रामबागवाड्यासमोर जाऊन उभं राहावं. दुसऱ्या बाजीरावानं १८०७ च्या सुमारास तो बांधून घेतला. दर्शनी सज्जाचे सुरूच्या झाडासारखे निमुळते खांब, महिरपी, केळफुलांची कोरीव कामं यांच्याकडे बघून बहुतेकांच्या तोंडून ‘पेशवाई थाट’ हे शब्द निघतात. पण पेशवा या वाड्यात राहिला तो जेमतेम दहा-अकरा वर्षं. १८१८ मध्ये त्याचं राज्य संपलं. १८२१ मध्ये इंग्रजांनी याच वाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. तिच्यातूनच पुढे जे महाविद्यालय वाढलं ते डेक्कन कॉलेज, आणि ते येरवड्याला स्वतःच्या इमारतीत गेल्यावरही वाड्यात शाळा भरत राहिली. मे १८७९ मध्ये बुधवारवाडा जळाला, त्याच वेळी विश्रामबागेलाही आग लागली आणि वाड्याचा एक भाग गेला. तो लोकांच्या वर्गणीची भर घालून पुन्हा उभा केला. नंतर १९३० पासून जवळजवळ तीन दशकं इथून शहराचा कारभार चालला. माझ्या आजोबांनी घरपट्टी इथेच भरली. दर्शनी भागात टपाल कचेरी आली आणि कित्येक पुणेकरांसाठी विश्रामबाग म्हणजे मनिऑर्डरची रांग.

आता हिशेब करा. दोनशे वर्षांहून अधिक आयुष्यातली दहा-अकरा वर्षं पेशव्याची. उरलेली विद्यार्थ्यांची, शास्त्र्यांची, मास्तरांची, कारकुनांची, नगरसेवकांची, पोस्टमनची. तरी फलक पेशव्याच्या नावाचा. त्याला माझी हरकत नाही, बांधणाऱ्याचं नाव लागायलाच हवं. पण या वाड्यात एका पिढीनं शास्त्रार्थाची जुनी पद्धत शिकली आणि त्याच छपराखाली पुढच्या पिढीनं इंग्रजीतून भूमिती शिकली, हा महाराष्ट्राच्या आधुनिक इतिहासातला केवढा मोठा प्रसंग आहे! तो घडला त्या खोल्या कोणत्या, त्यांची दारं कशी बदलली, बाकांसाठी भिंती कुठे काढल्या, हे सांगणारं बांधकाम आपल्याला ‘नंतरचं’ वाटतं. दुरुस्तीची वेळ आली की पहिली कुऱ्हाड त्याच्यावर पडते, कारण ते पेशवाईतलं नाही.

शनिवारवाड्यात तर हे खरोखरच घडून गेलं आहे. पाया १० जानेवारी १७३० ला घातला, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ला झाली, या तारखा शाळेतल्या मुलांनाही पाठ असतात. २७ फेब्रुवारी १८२८ ला लागलेल्या आगीत आतले महाल जळाले, हेही माहीत असतं. मग काय झालं? तटाच्या आतली जागा काही शंभर वर्षं रिकामी राहिली नाही. इंग्रजी अंमलात तिथे तुरुंग होता, दवाखाना होता, पुढे पोलिसांच्या चाळी झाल्या. १९१९ मध्ये वाडा संरक्षित स्मारक ठरला, चाळी हलवल्या, जमीन खणली आणि खालून महालांचे चौथरे, कारंज्यांचे हौद, पाण्याच्या वाटा वर आल्या. आज आपण तिथे जे पाहतो ते या उत्खननानं दाखवलेलं आहे आणि त्याबद्दल कृतज्ञ असायला हवं. मात्र उत्खनन म्हणजे वरचा थर काढून खालचा दाखवणं, आणि काढलेला थर परत ठेवता येत नाही. पोलिसांच्या त्या चाळींत कोण राहत होतं, जळक्या महालांच्या दगडांवर त्यांनी चुली कशा मांडल्या, पेशव्यांच्या हौदांचा वापर कशासाठी केला, हे समजून घ्यायची गरज तेव्हा कुणाला भासली नाही. सत्ता गेल्यावर तिच्या जागेत साधी माणसं कशी वसतात, हा इतिहासाचा प्रश्न आहे असं आज आपण मानतो. तेव्हा तो घाणीचा आणि अतिक्रमणाचा प्रश्न होता.

लाल महालाची गोष्ट उलट टोकाची. शिवाजी महाराजांचं बालपण जिथे गेलं तो महाल पार नाहीसा झाला होता. आज कसब्यात जी इमारत उभी आहे ती महापालिकेनं १९८० च्या दशकात बांधली. तिच्यासमोर उभं राहताना माझेही हात जुळतात, जिजाबाईंच्या आठवणीनं जुळतात. पण सहलीला आलेल्या मुलांना ‘हाच तो लाल महाल’ असं सांगितलं जातं तेव्हा मला वाईट वाटतं. ती मुलं इमारत वाचायला शिकायच्या आधीच तिच्यावर विश्वास ठेवायला शिकतात.

इमारत वाचायची म्हणजे काय, हे मला एका म्हाताऱ्या गवंड्यानं शिकवलं. त्याच्या हातात नहाणी असायची, तिच्या टोकानं तो गिलाव्याचा पोपडा अलगद उचलायचा आणि खालच्या पुटांवर बोट ठेवून एकेक मोजायचा. सर्वांत वर डिस्टेंपर, त्याखाली नीळ घातलेल्या चुन्याची पाच-सहा पुटं, त्याखाली सिमेंटचा गिलावा असला तर तो विसाव्या शतकातला, आणि तो नसून घोटलेला, हाताला गार लागणारा चुना असला तर तो जुना. गूळ आणि बेलफळाचा गर घालून घाणीत मळलेला चुना नखानं उकरत नाही. त्याच्याही आत शेणमातीचा हात असतो. तुळईला हात लावून तो सांगायचा की ही वाकसानं तासली आहे, घाव बघा, आणि ही करवतीच्या गिरणीतून आलेली आहे. कधी एखाद्या तुळईला भलत्याच जागी जोडाच्या रिकाम्या खाचा दिसायच्या. म्हणजे ती आधी दुसऱ्या कुठल्या तरी घरात होती. लाकूड फुकट जाऊ द्यायची आपल्याकडे पद्धत नव्हती. एका वाड्याचा खांब दुसऱ्याचा उंबरा होई.

या गोष्टींना तारखा नसतात असं नाही. पेशवाईतली वीट पातळ, चपटी. मधे खाच आणि तीत भट्टीवाल्याची अक्षरं असलेली जाड वीट इंग्रजी काळातली. छपरावर हातानं केलेली नळीची कौलं असतील तर एक गोष्ट, मंगलोरी असतील तर दुसरी. बासेल मिशननं मंगळूरला कौलांचा कारखाना काढला १८६५ मध्ये, तेव्हा त्याआधी ती कौलं पुण्यात चढणं शक्य नाही. कौल उलटं केलं की मागे कारखान्याचं नावच छापलेलं असतं. ओटीवर शहाबादी फरशी आहे? मग रेल्वे सोलापूरच्या पुढे जाऊन शहाबादच्या खाणींना भिडल्यानंतरचं ते काम. घडीव चौकोनी खिळा आधीचा, तारेचा गोल खिळा नंतरचा. लोखंडी गर्डर आणखी नंतरचा. हे ज्ञान विद्यापीठात थोडं आहे आणि गवंडी-सुतारांत जास्त आहे. माझा तो गवंडी आता नाही. त्याचा मुलगा सेंट्रिंगच्या कामावर जातो.

पाण्याचा मागही असाच काढता येतो. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या आसपास, कात्रजच्या तलावांतून बांधीव नळ काढून पाणी शहरात आणलं आणि जागोजागी हौद झाले. ज्या वाड्याच्या चौकात हौद आहे त्याचा जुना मालक त्या पाण्याच्या वाटेवर होता, त्याला तेवढा मान होता. आड असेल तर तो त्याहून जुना असू शकतो. मग १८७० च्या दशकात खडकवासल्याचं धरण झालं, हळूहळू नळ आले, आणि चौकातलं पाणी मोरीत गेलं. मोरीत गेलं म्हणजे बायकांच्या दिवसाचा सगळा क्रम बदलला. कुठे उभं राहायचं, कुणाशी बोलायचं, पहाटे किती वाजता उठायचं. भिंतीतून आरपार नेलेल्या एका जस्ती पाइपाचं भोक मला म्हणून कुठल्याही कोरीव महिरपीइतकंच मोलाचं वाटतं.

आणि बिऱ्हाडं. पेठांतल्या वाड्यांचा सर्वांत जाड थर बिऱ्हाडांचा आहे आणि सर्वांत कमी लिहिलं गेलंय तेही त्यांच्याबद्दलच. एका कुटुंबाच्या चौसोपी वाड्यात पंधरा कुटुंबं कशी राहू लागली? नोकरी-शिक्षणासाठी कोकणातून, देशावरून माणसं पुण्यात आली आणि वाटण्या होऊन आक्रसलेल्या मालकांनी खोल्या भाड्यानं दिल्या. सोप्यात फळ्यांची आडभिंत घातली, माजघराची दोन घरं झाली, गच्चीवर पत्रे आले. पुढे १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानं १ सप्टेंबर १९४० चं भाडं प्रमाण धरलं. भाडेकरूंना त्यानं उघड्यावर पडू दिलं नाही, ही त्याची मोठी कामगिरी. पण वर्षं गेली, रुपयाची किंमत उतरली, भाडं मात्र जिथल्या तिथे. मालकाला कौलं बदलणं परवडेना आणि भाडेकरूला दुसऱ्याच्या घराला पैसे लावणं पटेना. १९९९ च्या नव्या कायद्यानं वर्षाला चार टक्के वाढ दिली तोवर तुळया कुजून गेल्या होत्या. वाडे पडायला लागले त्याचं खरं कारण या दोघांच्या मधे सापडलेल्या त्या गळक्या कौलांत आहे. त्याला कोणी एकच दोषी नाही, आणि म्हणून ते दुःख अधिक आहे.

आमच्या पेठेत याच्यावर आणखी एक थर आहे, पाण्याचा. १२ जुलै १९६१. पानशेतचं अर्धवट बांधकाम झालेलं मातीचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटलं, आणि दुपारपर्यंत नदीकाठच्या पेठा बुडाल्या. मातीच्या भिंतीला पाणी लागलं की ती ओली होत नाही, विरघळते. खांब-तुळयांचा सांगाडा उभा आणि भिंती बसलेल्या, असे वाडे त्या आठवड्यात गल्लोगल्ली होते. शेकडो कुटुंबं गोखलेनगरला, सहकारनगरला गेली आणि परत आलीच नाहीत. जी राहिली त्यांनी खालच्या मजल्याच्या भिंती पक्क्या विटांत आणि सिमेंटात उभ्या केल्या. म्हणून नदीकाठच्या पेठांत एखाद्या वाड्याचा खालचा मजला वरच्यापेक्षा नवा सापडतो. ‘खालचा थर जुना, वरचा नवा’ हा नियम इथे उलटा होतो. उतरवलेल्या त्या वाड्याच्या भिंतीवरही ती रेघ होती. पुरुषभर उंचीपर्यंत सिमेंट, त्याच्या वर चुना. बोळात वाढलेले ते तिसरे गृहस्थ त्या रेघेला हात लावून काही क्षण बोलले नाहीत.

आता या सगळ्यावर एक रास्त आक्षेप आहे. मी तो अनेकदा ऐकला आहे आणि ऐकताना मान डोलावली आहे. प्रत्येक थर महत्त्वाचा म्हटलं तर दुरुस्ती करायची कशी? सिमेंटचा गिलावाही इतिहासच म्हणून ठेवायचा का? सागवानी खांबावरचा ऑइलपेंटही? मुतारीसाठी फोडलेली कोरीव खिडकीही? माझं उत्तर असं आहे की काढायचं ते काढावंच लागेल. मातीच्या-चुन्याच्या भिंतीवर सिमेंट थापलं की आतला ओलावा आतच कोंडतो आणि भिंत सडते. ते सिमेंट ठेवणं म्हणजे भिंत मारणं. राहत्या माणसाला संडास हवा, उजेड हवा, न गळणारं छप्पर हवं, आणि हे मागणं कुठल्याही महिरपीच्या आधी येतं. माझा हट्ट एवढाच आहे की काढण्याआधी पाहावं, मोजावं, टिपून ठेवावं, आणि नवं जे बसवू ते जुन्याची सोंगं घेऊन बसवू नये. दोन खांबांपैकी एक कुजला आणि नवा घातला, तर तो नवा आहे हे पुढच्या माणसाला कळलं पाहिजे. नव्या खांबाला अ‍ॅसिड मारून, काळा करून जुना दाखवणं हे मला हिशेबाच्या वहीत मागची तारीख टाकण्यासारखं वाटतं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण त्याच्या पोटात राग आहे. ‘मुळात इथे काय होतं’ हा प्रश्न आज देशभर इमारतींना विचारला जातो, आणि तो विचारणाऱ्याला थरांत रस नसतो, त्याला जागा हवी असते. कुणी म्हणेल की थरांचा अभ्यास केला तर अशा भांडणांना दारूगोळाच मिळेल. मला तसं वाटत नाही. ज्यानं एकदा मन लावून एखादी इमारत वाचली आहे त्याला ‘मुळात’ हा शब्द सहज उच्चारता येत नाही. सोमवार पेठेतलं त्रिशुंड गणपतीचं मंदिर पाहा. इंदूरजवळच्या धामपूरच्या भीमगिरजी गोसाव्यांनी ते १७५४ मध्ये बांधायला घेतलं आणि १७७० मध्ये तिथे प्रतिष्ठा झाली. आत शिलालेख आहेत, दोन संस्कृत आणि एक फारसी. संस्कृत लेखात रामेश्वराच्या स्थापनेचा उल्लेख आहे, आणि लोक जातात ते मोरावर बसलेल्या तीन सोंडांच्या गणपतीच्या दर्शनाला. खाली तळघर आहे, कारण ही जागा गोसाव्यांचा मठही होती. दर्शनी भिंतीवर सैनिक गेंड्याला साखळदंडानं जखडताना कोरले आहेत. पुण्याच्या मंदिरावर गेंडा! आता सांगा, हे मंदिर मुळात कुणाचं? शिवाचं, गणपतीचं, गोसाव्यांचं? फारसी लिहिणाऱ्या हाताचं? त्या काळ्या दगडावर या सगळ्यांनी एकमेकांना न पुसता आपापलं लिहून ठेवलं आहे. त्या मंदिराच्या दारात उभं राहून मला कधीही कुणाला बाहेर काढावंसं वाटलेलं नाही.

भिडेवाड्याबद्दल लिहिल्याशिवाय हा विषय मला सोडवत नाही. बुधवार पेठेतल्या त्या वाड्यात १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली. पुढे वाड्यात दुकानं आली, छप्पर खचत गेलं, मालकी आणि ताब्याचे दावे वर्षानुवर्षं चालले. अखेर डिसेंबर २०२३ मध्ये, न्यायालयाचा निकाल लागल्यावर, तो पाडला आणि तिथे स्मारक करायचं ठरलं. स्मारक व्हायलाच हवं, त्याला आधीच फार उशीर झाला आहे. तरी तो पाडल्याची बातमी वाचली त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. ती शाळा एका साध्या, इतरांसारख्याच दिसणाऱ्या वाड्यात भरली, हेच तर तिचं सांगणं होतं. राजवाडा लागला नाही, देणगीदाराचं नाव कोरलेला हॉल लागला नाही. एक खोली, बसायला जमीन आणि शिकवायला उभी राहिलेली बाई. तो साधेपणा संगमरवरात सांगता येत नाही. आणि त्या वाड्यात नंतर ज्यांनी दुकानं चालवली तेही त्या जागेच्या चरित्रातले आहेत. एवढी मोठी गोष्ट जिथे घडली तिथे आपण इतकी वर्षं खरेदी करत होतो आणि वर मान करून पाहत नव्हतो, हा थर आपला सगळ्यांचा आहे. तो पुसायची घाई करू नये.

हे काम कोणी करायचं? वारसा यादीत श्रेणी मिळालेल्या इमारतींची काळजी घेणारी माणसं आहेत, पुरेशी नसली तरी आहेत. मी बोलतो आहे ते यादीबाहेरच्या वाड्यांबद्दल, जे दर महिन्याला एक-दोन करून उतरताहेत. त्यांचे कागद आहेत. सिटी सर्व्हेचे जुने नकाशे, मिळकत पत्रिका, कुणाच्या ट्रंकेत वाटणीपत्रं आणि गहाणखतं, मोडीतली असली तरी मोडी वाचणारी तरुण मुलं आता पुण्यात पुष्कळ आहेत. पेशवे दफ्तराचे रुमाल पुरालेखागारात आहेत. १९१० पासून भारत इतिहास संशोधक मंडळानं इतिहाससंशोधक राजवाड्यांच्या वाटेनं कागद जमवले, म्हणून आज घराण्यांचे इतिहास लिहिता येतात. घरांच्या इतिहासासाठी तशी वणवण अजून व्हायची आहे. आणि कागदांपेक्षा घाईचं आहे ते माणसांना विचारणं, कारण कागद थांबतील. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना वर्षातून एक उतरता वाडा मोजायला द्या. परवानगीच्या फायलीत नव्या इमारतीच्या नकाशासोबत जुनीचा मोजणी-नकाशा, फोटो आणि शेवटच्या भाडेकरूंच्या आठवणी जोडणं सक्तीचं करा. बांधकामाच्या खर्चात तो खर्च कुणाला जाणवणारही नाही.

उतरवलेल्या त्या वाड्याची भिंत मी आणि बोळातल्या दोन मुलांनी टेप लावून मोजली. गॅलरीतून, शिडीवरून, जमेल तशी. एका रविवारी सकाळी काम चालू असताना एक काकू नातवाचा हात धरून आल्या. कोथरूडहून रिक्षा करून आल्या होत्या. पत्र्याच्या कुंपणातल्या फटीतून त्यांनी बराच वेळ वर पाहिलं आणि मग मुलाला म्हणाल्या, ‘‘ती निळी दिसते ना, ती आपली. तुझ्या आजोबांचा कोट तिथे असायचा.’’ मी पाहिलं. निळ्या रंगात, पुरुषाच्या खांद्याच्या उंचीवर, खुंटीचं एक भोक होतं आणि त्याच्याखाली कापड घासून घासून रंग हातभर पांढुरका झालेला होता. आमच्या मोजणीत ते आलं नव्हतं. मी शिडी परत लावली, जमिनीपासूनची उंची घेतली, वहीत लिहिली: चार फूट दहा इंच. काकूंनी तोपर्यंत शेजारच्या पोपटी खोलीतल्या बिऱ्हाडाचं आडनाव सांगायला सुरुवात केली होती.

दसऱ्याला तिथे नव्या इमारतीचा पहिला स्लॅब पडला. गेरूचा पट्टा, चूल आणि देवघर त्याच्यामागे गेलं. निळी भिंत अजून दिसते, दुसऱ्या मजल्याचं सेंट्रिंग लागेपर्यंत.